जपानमधला शेवटचा दिवस स्थानिक कुटुंबासोबत: परतीच्या विमानापासून मागे मोजत करायचं नियोजन

परतीचं विमान रात्रीचं आहे, दिवस मोकळाच आहे, तर ओळखीच्या जपानी कुटुंबाकडे जेवायला जाऊ, असा बेत बरेच जण करतात. तो फसतो त्या जागाही ठरलेल्या असतात. चार माणसं सहा बॅगा घेऊन दारात उभी राहतात आणि यजमानांना त्या कुठे ठेवायच्या ते कळत नाही. ‘आम्ही शाकाहारी’ एवढंच आधी कळवलेलं असतं, आणि सकाळपासून राबून केलेल्या प्रत्येक पदार्थात माशाचा अर्क निघतो. नाहीतर गप्पांच्या ओघात निघायची वेळ टळते आणि शेवटचे दोन तास धावपळीत जातात. या सगळ्याचं मूळ एकच: शेवटचा दिवस ‘उरलेला वेळ’ समजला जातो. खरं तर अख्ख्या सहलीत सर्वांत काटेकोर आखणी याच दिवसाची लागते, आणि ती सकाळपासून पुढे न करता विमानाच्या वेळेपासून मागे करायची असते.

हा लेख टोकियो आणि आसपासच्या भागासाठी आहे. नरिता किंवा हानेदाहून संध्याकाळी-रात्री विमान आणि दुपारचं जेवण यजमानांच्या घरी, हे गृहीत धरलं आहे.

## १. तीन-चार आठवडे आधी: कुटुंब, तारीख, भाग

ऑफिसमधला जपानी सहकारी, तिथे राहणाऱ्या नातेवाइकांचे शेजारी किंवा मुलांच्या शाळेतली ओळख असेल तर प्रश्नच नाही. ओळख नसेल तर ‘नागोमी व्हिजिट’सारखी संस्था पाहुण्यांना स्थानिक कुटुंबांच्या घरी जेवणासाठी जोडून देते. त्याला शुल्क असतं आणि नोंदणी आधीच करावी लागते. काही शहरांच्या आंतरराष्ट्रीय आदानप्रदान संस्थाही घरभेटी ठरवून देतात. आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या येऊ का?’ हे मात्र जपानमध्ये जवळच्या मैत्रीतही सहसा चालत नाही. घर आवरायचं, बाजार करायचा, कुणीतरी सुट्टी घ्यायची, याला त्यांना अवधी हवा असतो.

तारीख ठरवताना तीन काळ टाळा: २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतचा गोल्डन वीक (सलग सुट्ट्यांचा आठवडा) आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण). या दिवसांत कुटुंबं गावी जातात आणि गाड्या भरलेल्या असतात. फोनवर बोलायचं असेल तर जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. भारतात रात्रीचे आठ म्हणजे तिथे साडेअकरा.

यजमानांचा पत्ता मिळाला की पहिला प्रश्न विचारा: जवळचं स्टेशन कोणतं आणि तिथून घर किती मिनिटं चालत? टोकियोचं बहुतेक जीवन स्टेशनपासूनच्या मिनिटांतच मोजलं जातं. घर चिबा प्रांतात असेल तर नरिता सोपं पडतं. कावासाकी-योकोहामाकडे असेल तर हानेदा जवळ, पण नरिता चांगलंच लांब.

तपासा: तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही पाहा. नरिताला तीन टर्मिनलं आहेत. हानेदाहून आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः टर्मिनल ३ वरून सुटतात, पण काही टर्मिनल २ वरूनही. नरिता आणि हानेदा यांत गल्लत झाली तर दिवस वाचवता येत नाही.

## २. वेळापत्रक उलटं मांडा

कागद घ्या आणि उड्डाणाची वेळ सर्वांत वर लिहा. उदाहरणादाखल नरिताहून रात्री ८चं विमान घेऊ:

- ८:०० उड्डाण
- ७:०० काउंटर बंद (बऱ्याच कंपन्या तासभर आधी बंद करतात; आपल्या कंपनीची वेळ पाहून घ्या)
- ५:०० विमानतळावर हजर
- ३:५० टोकियो स्टेशनहून नरिता एक्स्प्रेस. टर्मिनलपर्यंत साधारण तासभर
- ३:२० टोकियो स्टेशनवर पोहोच
- २:४५ यजमानांच्या स्टेशनवरून लोकल
- २:२५ घराबाहेर पाऊल
- २:०० निरोपाला सुरुवात
- ११:३० यजमानांच्या दारात

म्हणजे हातात अडीच तास येतात. जेवण, चहा, गप्पा, फोटो यांना ते पुरतात. शहर बघणं, खरेदी आणि भेट अशी तिन्ही एका दिवसात बसत नाहीत, आणि त्यातून जे वगळायचं ते भेट सोडून काहीही.

टोकियो स्टेशनवर अर्धा तास ठेवलाय तो उगाच नाही. नरिता एक्स्प्रेसचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. इतर मार्गांवरून तिथे पोहोचायला दहा मिनिटं सहज लागतात, आणि मुलं-म्हातारी माणसं बरोबर असली तर जास्तच. घर उएनो-निप्पोरीच्या बाजूला असेल तर केइसेई रेल्वेची स्कायलायनर बरी: निप्पोरीहून नरिताच्या टर्मिनल २ पर्यंत वेगवान गाडीला ३६ मिनिटं. दोन्ही गाड्यांत सगळी आसनं आरक्षित असतात, त्यामुळे तिकीट आदल्या दिवशीच काढा. हानेदासाठी हामामात्सुचोहून मोनोरेल किंवा शिनागावाहून केइक्यू रेल्वे. दोन्हींची वेगवान गाडी टर्मिनल ३ पर्यंत पंधरा मिनिटांच्या आसपास पोहोचवते.

विमान संध्याकाळी ६च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचं जेवण विसरा. आदल्या संध्याकाळी जा. हानेदाहून रात्री ११नंतरचं विमान असेल तर उलट पाच वाजताचं लवकरचं जेवण छान जमतं.

सावधान: अंदाजे वेळा नकाशाच्या ॲपमध्ये त्याच वाराच्या, त्याच वेळेच्या गाड्या टाकून तपासा. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि सकाळच्या गर्दीत मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये चढणं जवळजवळ अशक्य.

## ३. दोन-तीन दिवस आधी: बॅगा पुढे पाठवा

जपानी घराच्या दारात आत शिरताच एक खोलगट जागा असते. तिला गेनकान म्हणतात. चपला-बूट तिथेच काढायचे आणि मग पायरी चढून घरात यायचं. ही जागा दोन-तीन माणसांपुरतीच असते. रस्त्यावर फिरलेली चाकं घरातल्या लाकडी फरशीवर किंवा तातामीवर (गवती चटयांच्या फरशीवर) टेकवणं म्हणजे बूट घालून आत जाण्यासारखंच. म्हणून मोठी बॅग घरी न्यायचीच नाही.

पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग ताक्क्यूबिनचा, म्हणजे कुरिअरने बॅग थेट विमानतळावर पाठवायची. यामातो या कुरिअर कंपनीची सेवा बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवरूनच घेता येते. फॉर्मवर विमानाचा क्रमांक, उड्डाणाची तारीख-वेळ आणि टर्मिनल लिहायचं. शुल्क लांबी, रुंदी आणि उंचीच्या बेरजेवर आणि वजनावर ठरतं. बेरीज १६० सेंटिमीटर आणि वजन २५ किलोपर्यंतची बॅग ‘१६० साइझ’मध्ये बसते. उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी बॅग हातातून सोडा. हॉटेलवाले सांगतील ती मुदत पाळा. मिळालेली पावती पासपोर्टसोबत ठेवा, कारण विमानतळावर तीच दाखवून बॅग परत मिळते.

दुसरा मार्ग कॉइन लॉकर. मोठ्या बॅगेचे लॉकर थोडे असतात आणि सकाळीच भरतात. लॉकर निवडायचा तो परतीच्या वाटेवरच्या स्टेशनवर, म्हणजे जिथे गाडी बदलायचीच आहे तिथे. यजमानांकडून उलट दिशेला असलेल्या स्टेशनवर बॅगा ठेवल्या तर वर मांडलेलं वेळापत्रक कोसळतं. लॉकरच्या पाटीचा, क्रमांकाचा आणि जवळच्या बाहेर पडण्याच्या दाराचा फोटो काढून ठेवा. मोठ्या स्टेशनांवर लॉकरच्या रांगा दहा-बारा ठिकाणी असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

हातात ठेवायचं सामान: पासपोर्ट, औषधं, उरलेल्या दिवसांचे कपडे, स्वच्छ मोज्यांचा एक जास्तीचा जोड, यजमानांसाठीची भेट आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. जुलै २०२५ पासून जपानी कंपन्यांच्या विमानांत ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायची नाही. जवळ, नजरेसमोर ठेवायची.

तपासा: पुढे पाठवलेल्या बॅगेत दोन-तीन किलोंची आणि वरच्या थरात जागेची सवड ठेवली आहे का? का ठेवायची, ते सातव्या टप्प्यात.

## ४. जेवणाचं कळवणं (इथे सर्वाधिक चुका होतात)

जपानी स्वयंपाकात मांस दिसत नसलं तरी मासा असतो. कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या, धुरावलेल्या माशाचे पातळ पापुद्रे उकळून ‘दाशी’ नावाचा अर्क काढतात, आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, गुंडाळलेलं ऑम्लेट या सगळ्यांचा तो पाया असतो. घरच्या बाईला किंवा गृहस्थाला त्यात ‘मासा आहे’ असं वाटतच नाही. त्यामुळे ‘शाकाहारी’ हा एक शब्द कळवला की मांस नसलेलं, पण मासे असलेलं ताट समोर येतं. त्यात फसवणूक नाही, निष्काळजीपणाही नाही. चूक आपल्या निरोपाची.

निरोप किमान दहा दिवस आधी पाठवा, छोट्या-छोट्या वाक्यांत. भाषांतराचं ॲप लांब वाक्यांत घोळ करतं. मजकूर असा असावा (कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ, शिताके म्हणजे अळंबी):

> आम्ही मांस खात नाही.
> आम्ही मासे आणि सागरी जीव खात नाही.
> आम्ही कात्सुओ दाशी खात नाही. कोम्बू दाशी चालते. शिताके दाशी चालते.
> अंडी चालतात. दूध चालतं.
> तुम्ही तुमच्यासाठी मांस-मासे जरूर करा. आम्हाला अडचण नाही.

अंडी चालत नसतील तर तसं स्पष्ट लिहा. शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा, पण खरं असेल तर वगळू नका. ते नसेल तर यजमान स्वतःही त्या दिवशी मांस-मासे खाणार नाहीत. एकाच टेबलावर मासे आलेले आपल्यापैकी कुणाला चालत नसतील, तर तेही आधीच सांगा. ऐन जेवणात नाक मुरडलं गेलं तर ते भाषेशिवायही कळतं.

नुसती नकाराची यादी पाठवून थांबू नका; काय करता येईल तेही सुचवा. सगळ्यांत सोयीचा पदार्थ तेमाकी-झुशी. टेबलावर आंबट भात, नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे) चौकोन आणि मधे वेगवेगळं सारण मांडायचं, आणि ज्याने त्याने आपली गुंडाळी आपण करायची. काकडी, ॲव्होकाडो, मुळ्याचे कोवळे अंकुर, तळलेलं टोफू, शिताके हे आपल्या बाजूला. ट्यूना, सामन त्यांच्या बाजूला. यजमानांना दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत आणि मुलंही रमतात.

लपून राहणाऱ्या जागा लक्षात ठेवा:

- बाजारच्या मिसोच्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत दाशी आधीच मिसळलेली असते. ‘दाशी नसलेला मिसो’ असं वेगळं लिहावं लागतं.
- मेंत्सुयू (नूडल्सचा सॉस), पोंझू (लिंबासारख्या आंबट फळांचा सॉस) आणि ‘दाशी शोयू’ यांत मासा असू शकतो. साधा सोया सॉस चालतो.
- भाज्यांचा तेम्पुरा ठीक, पण त्याबरोबरचं बुडवायचं पाणी दाशीचं असतं. मीठ मागा. पिठात अंडं असतं, आणि तेल कोळंबी तळलेलंच असू शकतं.
- थंड टोफूवर माशाचे पापुद्रे भुरभुरवून देतात. ‘वरून काही नको’ असं सांगायचं.
- जपानी करीच्या तयार वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते.
- जेली आणि पुडिंगमध्ये जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेला पदार्थ) असू शकतं.
- मिरिन या स्वयंपाकातल्या गोड द्रवात मद्यार्क असतो. हे कुणाला वर्ज्य असेल तर वेगळं सांगा.

जैन मंडळींनी पदार्थांवर चर्चा न करता सामग्रीच कळवावी: भात, टोफू, काकडी, नोरी, मीठ, सोया सॉस, फळं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नको. यावर यजमान सुंदर ताट मांडू शकतात.

मांसाहारी असाल तरी निरोप हवाच. गोमांस किंवा डुकराचं मांस चालत नसेल तर नाव घेऊन लिहा. घरोघरी होणाऱ्या हाम्बागूत (खिम्याच्या टिक्कीत) बहुधा दोन्हींचं मिश्रण असतं, ग्योझात (मोमोसारख्या पदार्थात) डुकराचं. कच्चा मासा आणि कच्चं अंडं जमत नसेल तर तेही.

तपासा: यजमानांनी ‘काय करणार आहोत’ हे उलट कळवलं का? नसेल तर तीन दिवस आधी नम्रपणे विचारा. त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं.

## ५. भेटवस्तू

रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि फार महाग काही न्यायचं नाही. महागड्या भेटीचं ओझं होतं, कारण जपानमध्ये भेटीची परतफेड करावी लागते. खाऊ द्यायचा तर सुटा-सुटा वेष्टनात असलेला, महिनाभर टिकणारा, चार-पाच जणांत वाटता येणारा. लोणावळ्याची चिक्की छोट्या पाकिटांत मिळते ती या कसोटीला उतरते, कोकणातले भाजलेले पॅकबंद काजूही. मात्र शेंगदाणा ही जपानमध्ये लेबलवर लिहिणं सक्तीची असलेली ॲलर्जी आहे. म्हणून जेवणाच्या निरोपातच ‘तुमच्या घरी कुणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का?’ हे विचारून घ्या. खाऊ नको असेल तर सावंतवाडीचं छोटं लाकडी खेळणं किंवा हिमरूचा छोटा रुमाल उत्तम.

भारतातून ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं आणि कोणत्याही स्वरूपातलं मांस जपानमध्ये नेऊ नका. हापूसची पेटी विमानतळावरच अडकेल. खव्याची मिठाई अख्ख्या सहलीत टिकत नाही, तीही नको.

चार किंवा नऊ नगांचा संच देऊ नका. त्या अंकांचे उच्चार मृत्यू आणि यातना या शब्दांशी जुळतात.

सावधान: करमुक्त घेतलेली वस्तू यजमानांना द्यायची नाही. ती सवलत वस्तू देशाबाहेर नेण्याच्या अटीवर मिळते. जपानमध्येच कुणाला दिली तर कर भरावा लागतो. आणलेला खाऊ प्रवासात संपला असेल तर दुकानात कर भरून घ्या. टोकियोतल्या निशिकासाईच्या आसपास भारतीय वस्ती मोठी आहे आणि भारतीय किराणाही मिळतो.

‘आमच्याकडचं काहीतरी करून दाखवा’ असा आग्रह झाला तर फोडणीच्या भानगडीत पडू नका. जपानी घरं लहान, स्वयंपाकघर दिवाणखान्याला लागून. मोहरी तडतडली की धूर आणि वास दिवसभर पडद्यांत राहतो. आल्याचा चहा करा. चौघांसाठी ४०० मिली पाणी, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, चार वेलदोडे. उकळी आल्यावर चार छोटे चमचे चहा पावडर, दोन मिनिटांनी ४०० मिली दूध, आणि आणखी दोन-तीन मिनिटं मंद आचेवर. साखर ज्याची त्याने घ्यावी. पातेलं खोल मागून घ्या आणि दूध घातल्यावर तिथून हलू नका. बऱ्याच घरांत काचेची इंडक्शन शेगडी असते. दूध उतू गेलं तर ते काचेवर करपतं. चहा पावडर आणि वेलदोडे आपले न्या, तिथल्या घरात ते असतीलच असं नाही.

## ६. दारापासून टेबलापर्यंत

1. वेळ. साडेअकराला बोलावलं असेल तर ११:३० ते ११:३५ च्या दरम्यान घंटी वाजवा. आधी मुळीच नाही, कारण शेवटच्या मिनिटापर्यंत घरात आवराआवर चालू असते. लवकर पोहोचलात तर कोपऱ्यावर थांबा. दहा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर लाइनवर निरोप टाका. जपानमध्ये व्हॉट्सॲप फारसं नाही, त्यामुळे लाइन ॲप आधीच घेऊन ठेवा.

2. कोट. थंडी-पावसाचा कोट दाराबाहेर काढून हातावर घ्या.

3. बूट. ‘ओजामा शिमास’ (तुम्हाला त्रास देतो) म्हणत गेनकानमध्ये शिरा. यजमानांकडे तोंड ठेवूनच बूट काढा, पायरी चढा, मग किंचित तिरकं खाली वाकून बुटांची टोकं दाराकडे करा आणि कडेला सरकवा. मोज्यांनी गेनकानच्या फरशीवर पाय ठेवू नका; ती बाहेरची समजली जाते. नाड्यांचे बूट या दिवशी नकोतच.

4. चपला. घरात घालायच्या चपला देतील. तातामी असलेल्या खोलीत शिरताना त्या बाहेर काढायच्या. संडासासाठी वेगळ्या चपला असतात; त्याच पायात ठेवून बाहेर येणं ही पाहुण्यांची सर्वांत ठरलेली चूक. उघड्या पायांनी घरात वावरू नका, मोजे हवेत. उन्हाळ्यात घामेजलेले मोजे दाराशी येण्याआधी स्टेशनवरच बदलून घ्या.

5. भेट. दारात हातात कोंबायची नाही. खोलीत बसल्यावर पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी, वस्तूचं तोंड त्यांच्याकडे करून द्या. पिशवी आपल्याकडे ठेवा. त्यांनी लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. काही घरांत ती आधी बुत्सुदानसमोर, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवतात. त्या देव्हाऱ्याचे फोटो काढू नका.

6. बसणं. सांगतील तिथेच बसा. पाहुण्याची मानाची जागा दारापासून लांबची असते, ती देतील तर संकोच न करता घ्या.

7. जेवण. ‘इतादाकिमास’ म्हटल्यावर सुरुवात, ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणून शेवट. काड्या भातात उभ्या रोवू नका, काडीवरून काडीवर घास देऊ नका. दोन्ही कृती अंत्यविधीतल्या आहेत. सर्वांसाठीच्या ताटलीतलं वाढून घ्यायच्या काड्या वेगळ्या असतील तर त्याच वापरा. उष्ट्याचा आपला विचार इथे अगदी लागू पडतो. काड्या जमत नसतील तर काटा मागण्यात कमीपणा नाही. थोडं घ्या, संपवा, मग पुन्हा मागा. ताटात टाकलेलं अन्न यजमानांना लागतं.

स्वयंपाकघरात मदतीला विचारल्याशिवाय घुसू नका, विचारा मात्र नक्की. ‘राहू द्या’ म्हणाले तर निदान आपल्या वाट्या-ताटल्या एकत्र करून ठेवा. लाखेच्या वाट्या आणि चिनी मातीच्या ताटल्या एकमेकींवर रचू नका, चरे पडतात. मुलांना शोजीच्या कागदी दारांपासून दूर बसवा, बोट लागलं तरी फाटतात. घरातल्या मुलांचे फोटो विचारून काढा आणि सार्वजनिक ठिकाणी टाकायचे असतील तर पुन्हा एकदा विचारा.

सावधान: बॅगेत साठलेला कचरा, रिकाम्या बाटल्या, खोकी यजमानांकडे टाकून येऊ नका. कचरा वर्गवारीने ठरलेल्या वारीच नेला जातो, तो त्यांच्या घरात साठून राहतो.

## ७. उठणं आणि निरोप

यजमान तुम्हाला कधीही ‘आता निघा’ म्हणणार नाहीत. विमान सुटायची वेळ आली तरी नवा चहा येईल. म्हणून घरी पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाका: ‘आमची गाडी २:४५ ची आहे, २:२५ ला निघू.’ ही वेळ कळली की ते स्वतःच जेवणाचा वेग तिच्याशी जुळवतात. फोनवर २:०० चा गजर लावा.

गजर वाजला की फोटो, मग निरोप. इथेच परतीच्या भेटी येतात. तुमच्या चिक्कीच्या बदल्यात मिसो, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ), लोणची, त्सुकुदानी (सोया सॉसमध्ये आटवलेलं तोंडीलावणं), साके (तांदळाचं मद्य), काहीही मिळू शकतं. नको म्हणायचं नाही, पण जागा मात्र आठवायची: मिसो, लोणचं आणि जाम हे सगळं विमानतळाच्या तपासणीत द्रवपदार्थातच मोडतं आणि १०० मिलीपेक्षा मोठं भांडं हातातल्या बॅगेतून जात नाही. पुढे पाठवलेल्या बॅगेतली दोन-तीन किलोंची सवड यासाठी होती. साकेची बाटली बहुधा ७२० मिलीची असते; भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. बागेतली ताजी फळं किंवा रोपं दिली तर तिथेच सांगा की भारतात नेता येणार नाहीत, आणि फळ तिथेच सगळ्यांनी मिळून खा.

घरातल्या चपला काढून जोडीने आतल्या बाजूला तोंड करून ठेवा, ‘ओजामा शिमाशिता’ म्हणा, कोट बाहेर जाऊन घाला. बरेचदा कुणीतरी स्टेशनपर्यंत सोबत येतं. नसेल तर ते दारात उभे राहून हात हलवत राहतात, तुम्ही नजरेआड होईपर्यंत. वळणावर थांबून मागे वळा आणि वाकून नमस्कार करा. न वळता निघून गेलेला पाहुणा त्यांच्या लक्षात राहतो.

पैसे देऊ करू नका. संस्थेमार्फत आला असाल तर शुल्क तिथेच भरलेलं असतं.

## ८. विमानतळावर, क्रमाने

1. कुरिअरच्या काउंटरवरून बॅग घ्या. आधी काउंटरच्या बंद होण्याची वेळ पाहून ठेवलेली असावी.
2. बाजूला बसून परतीच्या भेटी आत टाका. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मधोमध, मिसो दुहेरी पिशवीत.
3. करमुक्त खरेदी असेल तर ती बॅगेत खाली दाबू नका. १ नोव्हेंबर २०२६ पासून जपानमधली पद्धत बदलते: दुकानात पूर्ण किंमत भरायची, निघताना कस्टम्सकडून खात्री झाल्यावर कर परत. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी हे काम करा. त्या तारखेआधीच्या पद्धतीत खाण्यापिण्याच्या करमुक्त वस्तू बंद पिशवीत मिळतात; ती पिशवी देश सोडेपर्यंत उघडायची नाही, यजमानांकडे चव घ्यायलासुद्धा नाही.
4. बॅगचं वजन, मग काउंटर.
5. सुट्टी नाणी संपवा. नाणी परत बदलून मिळत नाहीत. साध्या सुइका कार्डावर (रेल्वे-बसच्या प्रीपेड कार्डावर) ५०० येन अनामत असते. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या कार्यालयात परत केल्यास शिलकीतून २२० येन कापून मिळते. शिल्लक जवळजवळ शून्यावर आणून मग परत करणं फायद्याचं. पर्यटकांसाठीच्या वेलकम सुइकाला अनामत नाही आणि शिल्लकही परत मिळत नाही, ती विमानतळावरच्या दुकानात खर्च करा.

## ९. पोहोचल्यावर

गेटवर बसल्या-बसल्या यजमानांना लाइनवर एक ओळ पाठवा की गाडी मिळाली, विमानतळावर पोहोचलो. ते खरोखर काळजीत असतात. घरी पोहोचल्याचं दुसऱ्या दिवशी कळवा आणि फोटो त्याच आठवड्यात पाठवा. महिन्याभराने आलेल्या चाळीस फोटोंपेक्षा दुसऱ्या दिवशी आलेले पाच निवडक फोटो बरे. कोणता पदार्थ आवडला ते नाव घेऊन लिहा. मराठीतून लिहून ॲपने भाषांतर करत असाल तर पुन्हा छोटी वाक्यं.

पत्र किंवा भेटकार्ड पाठवणार असाल तर निघण्याआधी त्यांच्याकडूनच पत्ता जपानी लिपीत लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. सात अंकी पिनकोड त्यात हवाच. जपानी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: प्रांत, शहर, भाग, मग घर आणि शेवटी नाव. लिफाफ्यावर तोच मजकूर छापून चिकटवा आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत देशाचं नाव लिहा, कारण भारतातल्या टपाल कार्यालयात तेवढंच वाचलं जातं. पुढचं सगळं जपानचा पोस्टमन वाचतो.